दूरचा खरेदीदार आणि आपल्या मालाचा मजकूर

(हळद उत्पादक आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक यांच्यासाठी घेण्यात आलेल्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान)



या वर्गात बेणेप्रक्रिया, कंदकूज, शिजवणी आणि पॉलिश या विषयांवर तज्ज्ञांनी आपणांस मार्गदर्शन केले. माझ्याकडे आलेला विषय जरा वेगळा आहे. मोबाईलवर आणि कंपनीच्या वेबसाईटवर खरेदीदारासाठी मजकूर कसा लिहावा, असा तो विषय. हा शेतीचा विषय कसा, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. तेव्हा प्रथम त्या शंकेचेच निरसन करतो.

आपली हळद आजवर आडतीवर जात होती. तेथे खरेदीदार ढिगात हात घालतो, हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, मोडताना होणाऱ्या आवाजावरून ते किती वाळले आहे याचा अंदाज घेतो. त्याला तुमच्याकडून एक शब्दही ऐकण्याची गरज नसते, कारण माल स्वतःच बोलतो. परंतु कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनी हा प्रकार आला, पुढे २०२० साली केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना जाहीर केली, आणि आपल्यापैकी अनेकांनी एकत्र येऊन माल परस्पर विकण्यास सुरुवात केली. आता गिऱ्हाईक इरोडला असतो, इंदूरला असतो, कोचीला असतो. त्याचा हात आपल्या ढिगापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या हातात असतो मोबाईल आणि त्यावर असतो आपला मजकूर. वानगी पाहण्याच्या आधीची वानगी म्हणजे हा मजकूर होय. तो नीट नसेल तर पुढची वानगी मागितलीच जात नाही, आणि नऊ महिने सांभाळलेले पीक पुन्हा आडतीवर मिळेल त्या भावाने द्यावे लागते.

ही गोष्ट अगदी नवी नाही. ई-नाम ही राष्ट्रीय बाजार व्यवस्था १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली, तिचे तत्त्व हेच आहे. लॉटची तपासणी करावयाची, गुणवत्तेचे आकडे नोंदवावयाचे, आणि दूरच्या खरेदीदाराने त्या आकड्यांवर विसंबून बोली लावावयाची. तेथे आकडे बाजार समितीत नोंदले जातात. परस्पर विक्रीत मात्र ते आपणच लिहावयाचे असतात, हा फरक.

आता आपण लिहितो काय, ते पाहू. उत्पादक कंपन्यांकडून जाणारे संदेश साधारणपणे या धर्तीचे असतात:

“सर्वांना सप्रेम नमस्कार! काळ्या कसदार मातीत, बळीराजाच्या घामातून पिकलेली, सोन्यासारखी पिवळीधमक, एक नंबर, एक्सपोर्ट क्वालिटी, शंभर टक्के शुद्ध व नैसर्गिक हळद योग्य दरात मिळेल. एकदा घ्याल तर पुन्हा पुन्हा याल! त्वरित संपर्क साधा.”

मजकूर वाईट आहे असे मी म्हणत नाही. घरगुती गिऱ्हाइकाला, सणाच्या आधी, कदाचित चालूनही जाईल. पण तो मसाल्याच्या कारखान्यातील खरेदी अधिकाऱ्याच्या दृष्टीने वाचून पाहा. त्याला महिनाअखेरपर्यंत ठरावीक प्रतीची हळद गोळा करावयाची आहे. माल खराब निघाला तर त्यालाच जाब द्यावा लागणार आहे. तो विचारतो, जात कोणती? हळकुंड की गड्डे? यंदाचा माल की गेल्या वर्षीचा? ओलावा किती? करक्युमिन किती, आणि ते कोणी तपासले? एका ठिकाणी किती क्विंटल? वरील मजकुरात यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. “योग्य दर” हा कोणाच्या दृष्टीने योग्य तेही नाही. तो पुढच्या संदेशाकडे वळतो. त्याने आपला अपमान केला असे समजू नये. त्याच्याकडे वेळ नाही, एवढेच.

आता हाच माल असा लिहून पाहा. यातील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत:

“सेलम हळकुंड, यंदाचे पीक, एकच लॉट, ६० क्विंटल, गोदामात तयार. ओलावा ९.५ टक्के, करक्युमिन ३.४ टक्के, याच लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडला आहे. गड्डे व तुकडे वेगळे केले आहेत. पॉलिश केलेले, वरून रंग दिलेला नाही. ५० किलोची नवीन पोती. दर आमच्या गोदामावर गाडी भरून. वाहतूक व जीएसटी वेगळा. हा दर येत्या शनिवारी सायंकाळपर्यंत. एक किलो नमुना कुरिअरने पाठवू. सौद्यासाठी एकाच व्यक्तीशी बोलावे.” आणि खाली त्या व्यक्तीचे नाव, मोबाईल क्रमांक व बोलण्याची वेळ.

यात एकही विशेषण नाही, तरी खरेदीदार शेवटपर्यंत वाचतो, कारण प्रत्येक वाक्य त्याच्या मनातील एका प्रश्नाचे उत्तर आहे. अनेकांची समजूत अशी असते की, वाचनीय मजकूर म्हणजे सजवलेला मजकूर. व्यापारी वाचकाच्या बाबतीत तसे नाही. तो करमणुकीसाठी वाचत नाही. त्याचे काम ज्याने सोपे होते ते त्याला वाचनीय वाटते.

याला अभ्यासाचाही आधार आहे. १९९७ साली याकोब नील्सन आणि जॉन मॉर्क्स यांनी अमेरिकेत, लोक वेबसाईट कशी वाचतात याची पाहणी केली. त्यांना आढळले की, १०० पैकी ७९ वाचक नवे पान आले की त्यावरून नुसती नजर फिरवतात; शब्दन् शब्द वाचणारे अवघे १६. पुढे त्यांनी नेब्रास्का या राज्याच्या पर्यटनाचा एकच मजकूर पाच प्रकारे लिहून वेगवेगळ्या वाचकांना दिला. नेब्रास्का म्हणजे मका आणि गुरांसाठी प्रसिद्ध असलेला मुलूख. मूळ मजकूर जाहिरातीच्या थाटाचा, स्तुतीने भरलेला होता. तोच शब्दसंख्येने निम्मा केला तेव्हा तो ५८ टक्के अधिक उपयुक्त ठरला. नजर फिरवता यावी अशी मांडणी केली तेव्हा ४७ टक्के. नुसती स्तुती काढून साध्या भाषेत लिहिला तेव्हा २७ टक्के. आणि तिन्ही सुधारणा एकत्र केल्या तेव्हा १२४ टक्के. ते वाचक काही हळदीचे व्यापारी नव्हते, आणि आज वाचन संगणकाऐवजी बहुतांशी मोबाईलवर होते, हे खरे. तरी त्यामागील कारण आपल्याला लागू पडते. स्तुतीने भरलेले वाक्य वाचताना वाचकाला त्यातील किती खरे मानावयाचे याचा हिशेब मनात करावा लागतो. धान्यातून खडे वेचावेत तसे. खडे आपणच वेचून दिले तर त्याचे काम हलके होते.

मोबाईलवर आणखी एक अडचण असते. व्हॉट्सॲपवर लांबलेला संदेश मध्येच दुमडला जातो आणि उरलेला वाचण्यासाठी पुन्हा दाबावे लागते. म्हणून नमस्कार-शुभेच्छांत पहिल्या ओळी घालवू नयेत. पहिल्या ओळीत माल, प्रमाण आणि उपलब्धता ही तीन उत्तरे यावीत. नमस्कार शेवटी केला तरी त्यात उणेपणा नाही.

परंतु पहिली ओळ सर्वांसाठी एकच असावी का? नाही. इरोडच्या किंवा सांगलीच्या व्यापाऱ्याला हळकुंडाची लांबी, जाडी, पॉलिश आणि गाडी केव्हा भरेल हे हवे असते, कारण तो माल पुढे दिसण्यावर विकतो. भुकटी करणारा कारखाना रंग, ओलावा आणि सर्व पोत्यांतील सारखेपणा पाहतो. अर्क काढणाऱ्या कारखान्याला, आणि असे कारखाने केरळात बरेच आहेत, हळकुंड दिसायला कसे आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. तो करक्युमिनचा आकडा विचारतो. निर्यातदार ज्या देशात माल पाठवणार तेथील मर्यादेनुसार कीडनाशकांच्या अंशाचा अहवाल मागतो. तेव्हा एकाच लॉटचे तीन-चार मजकूर तयार ठेवावेत. मजकूर बदलतो म्हणजे खरेपणा बदलत नाही; फक्त कोणती गोष्ट आधी सांगावयाची तो क्रम बदलतो. हे काम कंटाळवाणे वाटते, पण एकदा करून ठेवले की हंगामभर पुरते.

आता ज्या भागाविषयी मला विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे त्याकडे वळतो. तो म्हणजे दावे.

“सेंद्रिय” हा शब्द आपण सहज लिहून जातो. खाद्य सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ सालच्या सेंद्रिय अन्नविषयक नियमांनुसार राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम किंवा सहभागी हमी पद्धती यांपैकी एकाखाली प्रमाणीकरण असेल तरच कारखान्याला माल सेंद्रिय म्हणून देता येतो. लहान उत्पादकाने थेट ग्राहकाला विकण्यापुरती सवलत आहे. ती व्यापारी खरेदीला लागू नाही. शेणखत घातले आणि फवारणी केली नाही, हे खरे असेल तर तेवढेच लिहावे. त्यालाही किंमत आहे. पण प्रमाणपत्राशिवाय “सेंद्रिय” लिहिले आणि नमुन्यात अंश सापडला, तर एक लॉट परत येऊन प्रकरण मिटत नाही. पुढील वर्षी शेजारच्या गावाचा मालही संशयाने पाहिला जातो.

भौगोलिक मानांकनाचेही तसेच. वायगावच्या आणि सांगलीच्या हळदीस मानांकन मिळालेले आहे. परंतु १९९९ च्या कायद्याप्रमाणे ते नाव व चिन्ह लावून विकण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. आपले शेत त्या तालुक्यात आहे एवढ्यावर तो अधिकार मिळत नाही. नोंदणी असेल तर मात्र तिचा क्रमांक जरूर द्यावा. कित्येक नोंदणीधारक तो द्यायलाच विसरतात!

करक्युमिनच्या बाबतीत वेगळीच चूक होते. जातीच्या माहितीपत्रकात छापलेला आकडा आपल्या मालापुढे लिहून टाकला जातो. माहितीपत्रकातील आकडा हा त्या जातीचा, आपला लॉट हा आपल्या जमिनीचा, आपल्या काढणीच्या वेळेचा आणि आपल्या शिजवणीचा असतो. म्हणून तपासणी आपल्याच लॉटची करावी, नमुना एका पोत्यातून न घेता अनेक पोत्यांतून घेऊन एकत्र करावा, आणि अहवालावर लॉट क्रमांक व तारीख असल्याची खात्री करावी. तपासणीचा खर्च वाचवून लिहिलेला आकडा फार महाग पडतो. ओलाव्याबाबत सांगावयाचे तर अख्ख्या हळदीसाठी प्रमाण मर्यादा १२ टक्क्यांची आहे. पण मर्यादेच्या जेमतेम आत असलेला माल दमट हवेत साठवला तर ती ओलांडूही शकतो. तेव्हा ओलावा कोणत्या तारखेला मोजला ते लिहिणे हिताचे.

“वरून रंग दिलेला नाही” हे वाक्य मी नमुन्यात मुद्दाम घातले. हळद चकचकीत पिवळी दिसावी म्हणून काही ठिकाणी शिसेयुक्त लेड क्रोमेट चोळण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. ते विषारी आहे आणि कायद्याने त्यास बंदी आहे. त्यामुळे जाणकार खरेदीदाराला अति पिवळ्या फोटोचे आकर्षण वाटत नाही, उलट शंका येते. आपण “पिवळीधमक” लिहितो तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल याचा विचार करावा. लेड क्रोमेट नसल्याचा अहवाल असेल तर तो जोडावा आणि त्याविषयी आणखी एक शब्दही लिहू नये.

फोटोंविषयी थोडे. आपल्या कंपन्यांच्या पानांवर शाल-श्रीफळाचे, फीत कापण्याचे आणि संचालक मंडळाच्या उभ्या रांगेचे फोटो भरपूर असतात. हळदीचा फोटो शोधावा लागतो! सत्कार जरूर व्हावेत, पण खरेदीदाराला ढीग पाहावयाचा असतो. दिवसाच्या उजेडात, सावलीत काढलेले तीन फोटो पुरतात: मोडलेल्या हळकुंडाचा आतला रंग, हळकुंडाशेजारी ठेवलेली मोजपट्टी, आणि लॉट क्रमांक दिसेल अशी पोत्यांची थप्पी. मोबाईलमधील रंग खुलवण्याची सोय वापरू नये. दुसऱ्याच्या मालाचा फोटो तर कधीही वापरू नये.

आतापर्यंत विक्रीच्या संदेशाविषयी बोललो. पण माल वर्षातून एकदाच तयार होतो. मधल्या काळात खरेदीदाराने आपल्याला विसरू नये यासाठी काय करावे? पुष्कळजण रोज सकाळी सुविचार आणि फुलांचे चित्र पाठवतात. माझे स्पष्ट मत आहे की, याने ओळख वाढत नाही, कंपनीचा क्रमांक बंद करून ठेवण्याची सवय मात्र लागते. त्याऐवजी महिन्यातून एकदा पिकाची हालहवाल लिहावी. लागवड केव्हा झाली, सभासदांचे क्षेत्र गतवर्षीपेक्षा कमी की जास्त, पावसाचा खंड पडला की अतिवृष्टी झाली, शिजवणी कोणत्या आठवड्यात सुरू होईल. कारखान्यात बसलेल्या माणसाला ही माहिती अन्यत्र सहज मिळत नाही. ती त्याच्या खरेदीच्या नियोजनास उपयोगी पडते, आणि म्हणून तो तुमच्या संदेशाची वाट पाहू लागतो. हा खरा वाचनीय मजकूर.

यात वाईट बातमी लपवू नये. सप्टेंबरात पाणी साचून सखल भागातील प्लॉटमध्ये कंदकूज आली असेल, तर किती सभासदांच्या शेतात आली, कोणते उपाय केले आणि तो माल वेगळा ठेवणार आहोत का, हे लिहावे. बाजारात बातमी तशीही पोहोचतेच. ती आपल्याकडून पोहोचली तर पुढच्या वेळी आपण दिलेल्या चांगल्या बातमीवर विश्वास बसतो. याचा अर्थ सर्वच उघड करावे असा नाही. कंपनीवर किती कर्ज आहे, गोदामाचे भाडे कधी भरावयाचे, सभासदांना पैशांची निकड किती आहे, या गोष्टी भाव पाडण्यास उपयोगी पडतात. त्या घरात ठेवाव्यात. “लवकर विकावयाचे आहे” हे वाक्य तर कधीच लिहू नये.

भाषा कोणती वापरावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. महाराष्ट्रातील गिऱ्हाइकाला मराठी, बाहेरच्यास हिंदी किंवा इंग्रजी. मराठी मजकूर मोबाईलवरून भाषांतरित करणार असाल तर वाक्ये लहान लिहावीत आणि हळकुंड, गड्डे, बारदाना असे शब्द भाषांतरात काय झाले ते जाणकाराकडून तपासून घ्यावे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर मजकूर लिहून देणारी अनेक साधने सर्वांच्या हाती आली आहेत. त्यांचा उपयोग व्याकरण सुधारण्यास, मजकूर आखूड करण्यास जरूर करावा. पण त्या साधनाने आपल्या गोदामातील पोते पाहिलेले नाही. मोकळे सोडले तर ते पुन्हा सोन्यासारखी हळद आणि बळीराजाचा घाम यांकडे वळते, आणि कधी न तपासलेला आकडाही घालून देते. तेव्हा आकडे आपण द्यावेत आणि पाठवण्यापूर्वी एकेक आकडा अहवालाशी पडताळून पाहावा.

हे सर्व करावयाचे कोणी? अध्यक्षांनीच करावे असे नाही. गावातील शिकलेली मुलगी किंवा मुलगा, ज्याला गोदामाची नोंदवही वाचता येते आणि चूक दिसल्यास संचालकांना थांबवण्याचे धैर्य आहे, तो या कामास योग्य. मात्र सौदा पक्का करण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरलेले असावे. तीन संचालकांनी तीन दर कळवले तर उत्तम लिहिलेला मजकूरही वाया जातो.

सौदा तोंडी ठरला तरी त्याच दिवशी तो चार ओळींत लिहून खरेदीदारास पाठवावा: लॉट क्रमांक, वजन, दर, वजन कोणत्या काट्यावर धरावयाचे, घट कोणाच्या अंगावर, पैसे किती दिवसांत. शेवटी “वरीलप्रमाणे मान्य असल्यास कळवावे, शेठ” एवढे लिहिण्यास संकोच वाटू देऊ नये. चांगला व्यापारी याने दुखावत नाही. तो स्वतः असेच करतो. त्याचे “मान्य” आल्याशिवाय गाडी भरू नये आणि तो संदेश पैसे जमा होईपर्यंत पुसू नये.

लॉट विकला गेला की त्याच दिवशी सर्व ठिकाणी “विकला” अशी नोंद करावी. विकलेल्या मालासाठी चार जणांनी फोन केला आणि चौघांना नाही म्हणावे लागले, तर पाचव्या वेळी ते फोन करत नाहीत. आता शिजवणीला अजून अवकाश आहे. तोवर नोंदवहीत प्रत्येक सभासदाच्या नावापुढे लॉट क्रमांकाचा एक रकाना आखून घ्यावा आणि काढणीपासूनच त्यात लिहावयास सुरुवात करावी. मजकुरातील सर्व उत्तरे त्या रकान्यातूनच निघावयाची आहेत.